वजन नॉर्मल, तरी लिव्हरवर चरबी कशी काय?

मागच्या अंकात फॅटी लिव्हरवर लिहिलं होतं आणि त्यात वजन कमी करण्यावर बराच भर होता, तर त्यावर आलेल्या पत्रांमध्ये बारीक लोकांचीच पत्रं भरपूर निघाली. आमचं वजन तर नॉर्मल आहे मग आम्ही काय करायचं, आणि आतड्यातल्या बॅक्टेरियाचा याच्याशी खरंच काही संबंध आहे का, असे दोन प्रश्न जवळजवळ सगळ्यांचे. त्यातली काही पत्रं निवडून इथे उत्तरं देतोय. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. वय ४१, उंची १७० सेंमी, वजन ६४ किलो, कंबर ९३ सेंमी. ऑफिसच्या चेकअपमध्ये सोनोग्राफी केली त्यात ग्रेड १ फॅटी लिव्हर आलं. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी ३८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. दारू घेत नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले बारीक आहात, काळजी करू नका. नेटवर मात्र वाचलं की आतड्यातल्या बॅक्टेरियामुळे असं होतं. नक्की खरं काय?

सगळे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येतं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते, येतो २२.१. जगभर २५ च्या खाली आणि आशियाई लोकांमध्ये २३ च्या खाली नॉर्मल धरतात, म्हणजे तुम्ही दोन्हीकडे नॉर्मलच. आणि तरीही लिव्हरमध्ये चरबी आहे, यात विचित्र काहीच नाही. २०२० मध्ये जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब केला गेला तेव्हा फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी साधारण १९ टक्के लोक बारीक निघाले, म्हणजे पाचातला जवळजवळ एक. पण या माणसांना कोणी तपासायलाच जात नाही कारण बघून वाटत नाही, आणि मग ते असे दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतात.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा वजनाचा नाहीये, कंबरेचा आहे. आशियाई पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा धरतात, तुमची ९३ आहे. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, अशी ठेवण असलेल्या माणसाचा बीएमआय छान येतो पण चरबी पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली असते, आणि चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याने लिव्हरला जास्त फरक पडतो.

आता बॅक्टेरियांकडे येऊ. लिव्हरला जे रक्त मिळतं त्यातलं ७० ते ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून येतं आणि ही शीर थेट आतड्यांकडून निघालेली असते. म्हणजे आतड्यात जे काही तयार होतं आणि रक्तात शिरतं त्याचा पहिला मुक्काम लिव्हर, हृदयाकडे वगैरे ते नंतर जातं. आणि आतड्यात राहतात अब्जावधी जिवाणू, जे दिवसरात्र काहीतरी खात असतात आणि काहीतरी बनवत असतात. निरोगी आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, ती शिवण सैल झाली की काही जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्याला एलपीएस म्हणतात, रक्तात जातात आणि लिव्हरमधल्या पहारा देणाऱ्या पेशींना वाटतं की इन्फेक्शन आलं. मग सूज सुरू. नुसती चरबी असणं वेगळं आणि चरबी अधिक सूज हे वेगळं, दुसऱ्या प्रकारात हळूहळू लिव्हरमध्ये व्रणासारखे धागे तयार होतात, तेच फायब्रोसिस, आणि खरी भीती त्याची.

दुसरा मार्ग कोलीनचा. लिव्हरला आपल्यातली चरबी बाहेर पाठवायला पॅकिंग लागतं आणि त्या पॅकिंगसाठी कोलीन लागतं जे आपल्याला खाण्यातून मिळतं. काही जिवाणू हे कोलीन मध्येच खाऊन टाकतात आणि त्याचं ट्रायमिथाइलअमीन नावाचं रसायन करतात, म्हणजे माणूस पुरेसं खातोय तरी लिव्हरपर्यंत पोचतंय कमी आणि चरबी आतच अडकून राहते. तिसरा मार्ग पित्ताचा. लिव्हर पित्ताम्लं बनवून आतड्यात सोडतं, तिथे जिवाणू त्यांचं रूप बदलतात, बदललेली पित्ताम्लं परत लिव्हरकडे येतात आणि चरबी किती बनवायची याचे सिग्नल देतात. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या एका गटाने दाखवलं की बारीक रुग्णांमध्ये हा पित्ताम्लांचा कारभार जाड रुग्णांपेक्षा वेगळा चालतो, सुरुवातीला पित्ताम्लांची पातळी वाढलेली असते आणि शरीर त्यावर कसंतरी निभावून नेतं, म्हणूनच बहुधा वजन वाढत नाही, पण आजार पुढे गेला की हे निभावणं संपतं.

हे सगळं निव्वळ योगायोग नाही हे कशावरून, तर त्यासाठी २०१३ चा एक फ्रेंच प्रयोग मला फार आवडतो. उंदरांना एकच चरबीयुक्त खाणं दिलं, काहींची रक्तातली साखर बिघडली, काहींची नाही. मग दोन्ही प्रकारच्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू काढून ज्यांच्या आतड्यात जन्मापासून एकही जिवाणू नव्हता अशा उंदरांमध्ये सोडले आणि सगळ्यांना परत तेच खाणं. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं! पण लिव्हरमध्ये जास्त चरबी साठली ती बिघडलेल्या उंदराचे जिवाणू मिळालेल्या गटाच्याच. वजन सारखं, खाणं सारखं, लिव्हर वेगळं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

उरलेलं अर्धं जीन्समध्ये आणि स्नायूंमध्ये आहे (स्नायूंचं पुढे एका पत्रात येतंय). पीएनपीएलए३ नावाच्या जीनमधला एक बदल २००८ मध्ये सापडला, तो असलेल्यांच्या लिव्हरमध्ये वजन कितीही असो चरबी जास्त साठते. बॅक्टेरिया हे एक कारण आहे, एकमेव नाही, आणि नेटवर जे "सगळा दोष गटचा" (गट म्हणजे आतडं) असं लिहिलेलं असतं ते तितकंसं खरं नाही.

तुमच्यापुरतं बोलायचं तर तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून फिब-४ नावाचा एक सोपा हिशेब करता येतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ४१ गुणिले ३८ म्हणजे १५५८, खाली २४० गुणिले ७.८७ म्हणजे साधारण १८९०, उत्तर आलं ०.८२. हे १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचं फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. (६५ च्या पुढच्यांना ही मर्यादा २ धरतात, आणि ३५ च्या आतल्यांमध्ये हा हिशेब नीट चालत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं काढत बसू नका.) तर घाबरण्यासारखं काही नाही हे तुमचे डॉक्टर बरोबर बोलले, पण त्याचं कारण तुम्ही बारीक आहात हे नाही, कारण हा हिशेब आहे. एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल, बीपी, थायरॉइड आणि हिपॅटायटिस बी व सी एवढं करून घ्या, आणि फिब-४ दोन-तीन वर्षांनी परत काढा, शुगर निघाली तर त्याआधीच. आणि रिपोर्टवर कुठे एमएएसएलडी असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, २०२३ पासून याच आजाराचं ते नवीन नाव आहे.

प्रश्न : मी एक थेंबही दारू घेत नाही. फॅटी लिव्हरचा रिपोर्ट आल्यापासून सासरच्या मंडळींचा माझ्याकडे बघण्याचा सूर बदललाय, बायकोनेही एकदा विचारलं की बाहेर घेता का. कृपया हे छापा म्हणजे त्यांना दाखवता येईल.

छापतोय, आणि तुमच्या बायकोने वाचावं म्हणून स्पष्ट लिहितो : फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेक लोकांचा दारूशी काही संबंध नसतो. रिपोर्टवरून कोणाच्याही सवयींवर संशय घेऊ नका. असा संशय घेतला गेला की माणूस पुढच्या तपासणीला जायचंच टाळतो, आणि हे मी बघत आलोय म्हणून जरा कळकळीने सांगतोय.

आता एक गोष्ट जी ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात जिवाणू थोडंसं अल्कोहोल बनवत असतात, पिष्ट आणि साखर आंबवताना ते होतंच, आणि लिव्हर ते तिथल्या तिथे निकालात काढतं म्हणून आपल्याला कळतही नाही. चीनमधल्या संशोधकांकडे एक रुग्ण आला होता ज्याला पिष्टमय किंवा गोड जेवण झालं की दारू प्यायल्यासारखी नशा यायची, न पिता! त्याच्या लिव्हरला चरबी आणि सूज दोन्ही होतं. तपासल्यावर त्याच्या आतड्यात क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूची अशी एक जात सापडली जी भरमसाट अल्कोहोल बनवत होती. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. मग त्यांनी फॅटी लिव्हरच्या इतर रुग्णांमध्ये शोधलं, तर त्या गटातल्या जवळजवळ ६० टक्के लोकांमध्ये अल्कोहोल जास्त बनवणाऱ्या क्लेब्सिएलाच्या जाती निघाल्या, आणि त्या रुग्णातली जात उंदरांना दिल्यावर त्यांनाही फॅटी लिव्हर झालं. आता लगेच तुम्हालाही तेच आहे असं समजू नका, तो एका ठिकाणचा छोटा गट होता आणि नशा येण्याइतकं अल्कोहोल आतड्यात होणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. पण न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरलासुद्धा आतून अल्कोहोल पोचू शकतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

प्रश्न : माझं वय ३६, वजन ५१ किलो, बीएमआय २०, कंबर ७२ सेंमी. फॅटी लिव्हर आहे. जो तो म्हणतो वजन कमी करा. कुठून कमी करू? आधीच लोक विचारतात खातपीत नाहीस का. रडू यायचं बाकी आहे.

तुम्ही वजन कमी करायचं नाहीये. हे आधी वाचा आणि मग पुढचं वाचा.

ज्यांचा बीएमआय नॉर्मल पण कंबर वाढलेली आहे (पहिल्या पत्रातल्या गृहस्थांसारखे), त्यांना थोडंसं वजन उतरवून फार मोठा फायदा होतो. हाँगकाँगमधल्या एका चाचणीत आहार आणि व्यायाम एक वर्ष नीट केल्यावर लठ्ठ नसलेल्यांपैकी ६७ टक्के लोकांचं फॅटी लिव्हर गेलं, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात हेच प्रमाण १८ टक्के होतं, आणि लठ्ठ नसलेल्यांतल्या निम्म्या लोकांना वजनात ३ ते ५ टक्के घट पुरली. लठ्ठ लोकांना त्यासाठी ७ ते १० टक्के लागत होती. म्हणजे ६४ किलोवाल्यांना दोन-तीन किलो झाले. पण तुमची कंबर ७२ आहे, तुमच्याकडे उतरवण्यासारखं काही दिसत नाही, आणि उपाशी राहून वजन झपाट्याने पाडलं तर लिव्हरवरची चरबी उलट वाढूही शकते.

तुमच्यासारख्या पत्रात मी दोन गोष्टी बघतो. एक, दुसरं काही कारण आहे का. थायरॉइड कमी असणं, सिलिअॅक म्हणजे ग्लुटेन न चालणं, हिपॅटायटिस सी, विल्सन्स डिसीज ज्यात तांबं साठतं, आणि औषधं : स्टिरॉइड्स, टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट, अॅमिओडॅरोन यातलं काही चालू आहे का. हातापायांवरची चरबी वयात येताना किंवा नंतर एकदम नाहीशी झाली असेल, शिरा आणि स्नायू उठून दिसत असतील तर लिपोडिस्ट्रॉफी हा एक दुर्मिळ प्रकारही तपासावा लागतो. तीन पिढ्यांत कोणाला लिव्हरचा आजार होता का हेही आठवून डॉक्टरांना सांगा. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

दोन, स्नायू. बारीक लोकांच्या फॅटी लिव्हरमध्ये ही बाजू कायम दुर्लक्षित राहते. जेवणातून आलेली साखर साठवायची मुख्य जागा म्हणजे स्नायू, ते इन्सुलिनला दाद देईनासे झाले की तीच साखर लिव्हरकडे वळते आणि तिची चरबी होते. येल विद्यापीठात २००७ मध्ये हे बारीक, तरुण आणि वरवर ठणठणीत मुलांमध्येच दाखवलं गेलं होतं! आणि पुढे २०११ मध्ये त्याच विद्यापीठातून आलेला निष्कर्ष असा की ४५ मिनिटांच्या एकाच व्यायामानंतर पुढच्या जेवणातली साखर जास्त करून स्नायूंकडे गेली आणि लिव्हरमध्ये चरबी बनण्याचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटलं. एकाच व्यायामाने. वजनात काहीही फरक न पडता. तेव्हा तुम्ही काट्यावर उभं राहायचं सोडा आणि आठवड्यातले निदान दोन-तीन दिवस वजनं उचला, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, जे जमेल त्यापासून सुरुवात, आणि बाकीचे दिवस दम लागेल असं चालणं. जेवण कमी करायचं नाही, उलट प्रोटीन पुरेसं घ्या.

प्रश्न : ऑनलाइन किट मागवून शौचाचा नमुना पाठवला. रिपोर्ट आला "गट डिसबायोसिस, स्कोअर खराब" आणि त्याच कंपनीने सहा महिन्यांचा प्रोबायोटिक कोर्स सुचवलाय. मला फॅटी लिव्हर आहे, वजन नॉर्मल. घेऊ का?

माझं मत विचारत असाल तर नको. (डिसबायोसिस म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं संतुलन बिघडणं, आणि प्रोबायोटिक म्हणजे चांगले समजले जाणारे जिवाणू असलेल्या गोळ्या.) जी कंपनी तपासते तीच औषध विकते हे एक झालंच, पण मुख्य कारण वेगळं आहे. बारीक फॅटी लिव्हरवाल्यांच्या जिवाणूंवर बरेच अभ्यास झालेत आणि प्रत्येकाची यादी थोडी वेगळी येते, एका ठिकाणी जो जिवाणू कमी दिसतो तो दुसरीकडे कमी नसतो, कारण खाणं, वय, घेतलेली औषधं सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे चांगल्या आणि खराब स्कोअरची सर्वमान्य रेघ अजून कोणी आखलेली नाही. रिपोर्ट रंगीत असतो पण त्यावरून उपचार ठरवता येत नाहीत.

गोळ्यांचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला १०४ फॅटी लिव्हर रुग्णांवर जवळजवळ वर्षभर चाचणी झाली, प्रोबायोटिक आणि त्या जिवाणूंचं खाद्य असं एकत्र दिलं. आतड्यातले जिवाणू बदलले, पण लिव्हरमधली चरबी काही घटली नाही. दुसऱ्याच्या विष्ठेतले निरोगी जिवाणू आतड्यात सोडण्याचा प्रयोगही झालाय, २०२० च्या एका छोट्या कॅनेडियन चाचणीत आतड्याची गळती काही जणांत सुधारली पण लिव्हरची चरबी तशीच राहिली. म्हणून म्हणतो, नवीन जिवाणू विकत आणून सोडण्यापेक्षा जे आहेत त्यांना काय खायला घालतोय ते बघा.

यावर एक आशा वाटावी असा अभ्यास आहे, २०२३ चा, चीनमधला, २०० लोकांवर. त्यांना चार महिने रोज ४० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च दिलं, म्हणजे असं पिष्ट जे लहान आतड्यात पचत नाही आणि थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतं. साधं पिष्ट दिलेल्या गटापेक्षा त्यांच्या लिव्हरमधली चरबी स्पष्टपणे कमी झाली, आणि वजनातली घट हिशेबातून वजा केली तरी फरक उरला. त्यासाठी पुन्हा पावडर शोधायला जाऊ नका. कडधान्यं, डाळी, अख्खी धान्यं, जरा कच्चट केळी, शिजवून गार केलेले बटाटे आणि भात, यात ते असतं. फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि लोक चार दिवसांत सोडून देतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. आणि गोड पेयं, पॅकबंद ज्यूस, शीतपेयं बंद. यातली फ्रुक्टोज नावाची साखर जास्त झाली की आतड्यातले जिवाणू त्याचं अॅसिटेट करतात आणि लिव्हर त्यापासून चरबी बनवतं, उंदरांमध्ये हे २०२० मध्ये स्पष्ट दिसलं. अख्खं फळ खायला हरकत नाही, त्यात फायबर असतं आणि साखर बेताची.

प्रश्न : बारीक लोकांचं फॅटी लिव्हर सौम्य असतं ना? आणि कॉफी चालते का?

दुसऱ्याचं आधी : चालते, बिनसाखरेची. दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस कमी आढळतं, हे निरीक्षणाच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा आलंय. न आवडणाऱ्याने औषध म्हणून सुरू करायची गरज नाही.

पहिल्याचं उत्तर मात्र नाही असंच आहे. स्वीडनमध्ये लिव्हरची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) केलेल्या ६४६ रुग्णांवर सरासरी २० वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला बारीक लोकांची बायोप्सी जाड लोकांपेक्षा बरी दिसत होती, फायब्रोसिस कमी होतं. पण पुढे लिव्हरचा गंभीर आजार होण्याचा धोका त्यांच्यात जास्त निघाला. म्हणून तुमचा फिब-४ जर १.३ च्या वर आला असेल तर वजन बघून तो सोडून देऊ नका, फायब्रोस्कॅन करून घ्या, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात, झोपून बरगड्यांमध्ये प्रोब ठेवतात, पाच-दहा मिनिटांत होतं, दुखत नाही, त्याआधी तीन तास काही खायचं नाही. ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर बहुधा ठीक, वर आलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे. फायब्रोसिस मध्यम ते पुढच्या टप्प्याचं असेल तर आता औषधंही आहेत, रेस्मेटिरॉमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये, पण सेमाग्लुटाइडने वजन उतरतं, त्यामुळे ५१ किलोच्या वाचिकेसारख्यांनी ते कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. बारीक रुग्णात कोणतं द्यायचं आणि द्यायचं का, हे तपासूनच ठरवावं लागतं, पत्रातून मला ते सांगता येणार नाही.